चार्ज घ्या, गुरुजी

सकाळी दूध घ्यायला दार उघडावं आणि फाटकाबाहेर सत्तरीचा एक गृहस्थ दोन्ही हात आभाळाकडे करून, बत्तिशी दाखवत आपल्याकडे पाहत उभा दिसावा, असं भाग्य तुमच्या वाट्याला आलंय का? माझ्या आलंय. रोज येतं. पाऊस असो, घरात पाहुणे असोत, की मी अजून तोंडसुद्धा धुतलेलं नसो, गृहस्थ हजर.

पहिल्या दिवशी आमच्या हिनं पाहिलं आणि घाबरून आत आली. "अहो, मारोतराव हात वर करून उभे आहेत. कोणी बंदूकबिंदूक तर रोखली नाही ना?" मी धावत बाहेर गेलो. समोर बंदूक नव्हती, एक कुत्रं होतं आणि तेही घाबरलेलं होतं. मला पाहताच मारोतराव शाळेतली प्रतिज्ञा म्हणावी तसे खणखणीत आवाजात म्हणाले, "पानी बरोबर. प्रेशर बरोबर. आग बरोबर. गुरुजी, चार्ज घ्या!"

"कसला चार्ज?"

"माह्या. आदी सांगा, तोंड सरळ हाये का वाकडं?"

"सरळ आहे."

"हात दोनी सारके वर हायेत?"

"आहेत."

"बोलनं समजलं?"

"बोलणं समजलं. भानगड काय ते नाही समजलं."

"भानगडीचं मंग पाहू. घेतला म्हना."

"घेतला," म्हटलं. काय करता! तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले आणि फिरायला गेले. मी दुधाचं पातेलं हातात घेऊन तसाच उभा. आदल्या दिवसापर्यंत मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होतो, आता माझ्याकडे एका अख्ख्या माणसाचा चार्ज होता.

मारोतराव झाडे आमच्या हिंगणघाटातल्याच एका कापडाच्या गिरणीत बॉयलर सांभाळायचे. गिरणी बंद पडली, बॉयलर भंगारात गेला, पण मारोतरावांच्या डोक्यातला काही थंड झाला नाही. बॉयलरवाल्याचा एक कायदा असतो म्हणे. पेटता बॉयलर बेवारस सोडायचा नाही. पुढच्या पाळीचा माणूस येणार, पाण्याची काच बघणार, प्रेशरचा काटा बघणार, "घेतला" म्हणणार, मगच आपण घरी जायचं. तो आलाच नाही तर बसून राहायचं, बायको घरी वाट पाहत असली तरी. शांताबाईंनी अशी वाट आयुष्यभर पाहिली. मग त्या गेल्या, आणि घरात मारोतराव एकटे उरले.

लकवा आला तोही मोठ्या गमतीनं. म्हणजे आता गंमत म्हणायची. झालं असं, की एका सकाळी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायला लागली. चप्पल नवी. मारोतरावांचा पारा चढला. तसेच फरफटत चौकातल्या चांभाराकडे गेले आणि त्याच्यावर बरसले, "काय अंगठा बसवला बे तू? पायात राहून नाई राह्यली!" पण तोंडातून निघालं ते भलतंच बोबडं. चांभारानं वर पाहिलं. म्हणाला, "काका, चप्पल बरोबर हाये. तुमचं तोंड पाहा कसं झालं." आणि हातातलं काम टाकून त्यांना ऑटोत घातलं. तरी हे बहाद्दर ऑटोतसुद्धा चप्पल हातात घेऊन भांडतच होते.

वेळेवर पोचले म्हणून निभावलं. डाव्या हातात थोडा अशक्तपणा राहिला, जीभ अधूनमधून जड होते, एवढंच. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चालणं, गोळ्या वेळेवर. आणि पुन्हा असं झालं तर ओळखायचं कसं, तेही सांगितलं. हसून पाहा, हात वर करून पाहा, एक वाक्य बोलून पाहा. काही वाकडं वाटलं की एक मिनिट न दवडता दवाखाना.

कोणीही हे आरशासमोर केलं असतं. मी तेच म्हटलं. तर म्हणाले, "गुरुजी, आरशात पाहनार कोन? मीच ना? अन् पाहनारं डोकंच बिघडलं असन तर त्याले वाकडं तोंड बी सरळच दिसन. मी चप्पलेले वाकडं म्हनत होतो, इसरले काय? दुसरा मानूस पाह्यजे." शाळेत अशी मुलं मला फार त्रास देत. चूक काढता येत नाही आणि पटतही नाही.

बाकीची पथ्यंही त्यांनी अशीच बॉयलरच्या शिस्तीत बसवली. तंबाखू सुटणं सर्वांत कठीण होतं. आमच्याकडे खर्रा म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घालून तो पाटीवर घासघासून घोटायचा, पुडी खिशात टाकायची आणि दिवस काढायचा. मारोतरावांची उभी हयात त्यावर गेलेली. मग त्यांनी पानठेल्यावर जाऊन फर्मान सोडलं, "जवस, ओवा, बडीशेप. खर्रा घोटून दे." पानठेलेवाला म्हणाला, "काका, येले घोटा लागत नाई." "तुले नाई लागत, मले लागते," असं म्हणून ते पन्नी घेऊन स्वतःच डाव्या हातानं घोटत बसले. डाव्या हाताचा व्यायामही झाला आणि सवयही फसली. आता ते प्रत्येकाला ती पुडी पुढे करतात. मी एकदा तोंडात टाकली. गुराच्या दाण्यात ओवा पडल्यासारखी चव होती.

मिठाबद्दल मात्र त्यांनी आमचा जीव नकोसा केला. माझं मिठावर आणि लोणच्यावर फार प्रेम. आम्ही जेवायला बसलो की हे नेमके खिडकीशी. "वहिनी, मिठाची बरनी वरच्या फळीवर ठेवत जा. गुरुजीचा हात पुरला नाई पाह्यजे." हिला आयताच वकील मिळाला. आमच्या वरणातलं मीठ अर्धं झालं ते तेव्हापासून. मी एकदा चिडून म्हणालो, "मारोतराव, लकवा तुम्हाला आला होता, मला नाही!" तर शांतपणे म्हणाले, "मले बी आदी आला नोताच."

लग्नाच्या पंगतीत ते स्वतःचा डबा घेऊन बसतात. त्यात अळणी भाजी, दोन ज्वारीच्या भाकरी आणि काकडी. आता आमच्याकडे पंगतीत आग्रह केला नाही तर यजमानाला झोप लागत नाही. एका लग्नात नवरीच्या मामानं वांग्याच्या भाजीची बादली घेऊन त्यांना गाठलं. मारोतरावांनी डबा दोन्ही हातांनी झाकला. मामानं भाजी हातांवर वाढली. तर्री मनगटापर्यंत ओघळली, पण हात हलले नाहीत. "आग्रह करनाऱ्यावर केस टाकाले पाह्यजे," असं ते तिथेच उभं राहून म्हणाले, आणि मामा रुसला. त्याची समजूत काढायला पुन्हा मीच. चार्ज माझ्याकडे होता ना!

या सगळ्या हट्टामागे एक कारण होतं आणि ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला. लकव्याच्या वेळी तो रजा काढून आला, बापाचं सगळं केलं, आणि निघताना म्हणाला, "बाबा, पोळ्याला आम्ही तिघंही येतो. तोवर तुम्ही एकटे नीट राहू शकलात तर राहा इथं. नाही जमलं, तर मग माझ्यासोबत पुण्याला चलायचं. तेव्हा नाही म्हणायचं नाही."

झालं! मारोतरावांनी गल्लीत जाहीर केलं, "पोळ्याले बॉयलर इन्स्पेक्टर येनार हाये. मी पास होऊन दाखवतो. हिंगनघाट सोडून मी कुठीसा जात नाई!"

पुण्याचं नाव काढलं की ते पेटायचे. "काय ठेवलं हाये पुन्यात? सकाळी सकाळी बगीचात म्हातारे गोल उभे राहून खोखो हासते. हास्यक्लब म्हनते त्याले. येडे लेकाचे! अन् बगीचा काई दूर नाई, बिल्डिंगीच्या मांगच हाये, पायरी उतरली का बगीचा. लिफ्टीत गानं वाजते. नातवाची शाळा बी समोरच. गॅलरीत खुर्ची टाकली का पोरगं शाळेतून येतानी दिसते. हे काय जगनं हाये?"

मी म्हणायचो, "नाही, हे काही जगणं नाही."

"अन् थंडी!" ते म्हणायचे. "थंडीत तिथं स्वेटर लागते का हो गुरुजी? अर्ध्या बाह्यायचं पुरन का पूर्न्या?"

"तुम्हाला कुठे जायचंय?"

"जाचं कोनाले हाये? इचारून राह्यलो."

आमची ही एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "मारोतराव पुण्याबद्दल फार बोलतात हो हल्ली." मी म्हटलं, "शिव्या देतात." ती म्हणाली, "हो, पण बोलतात." बायकांच्या अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. चाळीस वर्षं दिलं नाही आणि चाळीस वर्षं फसलो, तो भाग वेगळा.

पोळा जवळ आला तशी तपासणीची तयारी सुरू झाली. घराला चुना झाला. गोळ्यांचे डबे ओळीत लागले. मारोतरावांनी आम्हाला आणि दूधवाल्या मंदाबाईलाही पढवलं. "प्रशांतनं इचारलं तर काय सांगसान?" मग आम्ही पाठ म्हणून दाखवायचं. रोज चालतात. गोळी चुकवत नाहीत. जिना धाप न लागता चढतात. जेवण अळणी. मी माझ्या विद्यार्थ्यांची शाळा-तपासणीच्या आधी एवढी घोकंपट्टी घेतली नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मंडळी आली. प्रशांत, सूनबाई आणि पहिलीतला नातू. मुलगा अगदी गुणाचा. आल्या आल्या बापाच्या पाया पडला आणि लगेच प्रेशरचं यंत्र काढून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. काटा, म्हणजे आकडा, एकदम सरळ. मारोतराव ऐटीत म्हणाले, "पाह्य, पाह्य! पुन्हा पाह्य!" पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी समोर आली तेव्हा त्यांनी एक तुकडा मोडला, सुनेचा मान राखला आणि काकडीकडे वळले. ते सारखे गच्चीवर जात होते आणि उतरत होते. सूनबाई शेवटी म्हणाली, "बाबा, वर काही वाळत घातलंय का?"

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या वर्धा जिल्ह्यात हा लहान मुलांचा सण मोठ्यांच्या पोळ्यापेक्षाही धडाक्यात होतो. मुलं लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघर बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाही तर पैसे. मारोतरावांनी नातवासाठी जुना लाकडी बैल काढून रंगवला होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पायांना चाकं. दोरी त्यांनी मुद्दाम डाव्या हातात धरली आणि अख्ख्या गल्लीतून बैल, नातू आणि स्वतः असे तिघं मिरवले. मला पाहताच नातू ओरडला, "आजोबा आमच्या घरी आले ना, की आम्ही पुण्यात पण बैल काढणार!" मारोतराव म्हणाले, "हट्! पुन्यात कुठचा पोळा?" आणि चालता चालता झूल उगाच दोनदा नीट केली.

दुपारी प्रशांत माझ्याकडे आला. "काका, खरं सांगा. बाबा कसे आहेत?"

मी पाठ म्हणालो. पाठ म्हणजे खोटं नव्हतं त्यात काही. "ठणठणीत आहेत. तुझ्या-माझ्यापेक्षा धडधाकट. गल्लीत जीव रमलाय त्यांचा. इथून हलवू नकोस रे बाबा."

पोराच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. म्हणाला, "मलाही तेच वाटत होतं. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तिथं नेऊन त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. आणि त्यांचं मन तर इथंच आहे." मग अंगणात जाऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, जिंकलात तुम्ही. राहा इथंच. मी आग्रह नाही करणार."

"मंग! म्या सांगतलं नोतं तुले?" मारोतराव हसले. एवढ्या मोठ्यानं हसले, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. संध्याकाळी वर्ध्याहून गाडी होती. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते हात हलवत होते. मी पाठीवर थाप मारली. "पास झालात, मारोतराव!"

"हाव," ते म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर फाटकाबाहेर कोणी नाही. मंदाबाई दूध घालत होती. मी विचारलं, "मारोतरावांना दूध दिलं का? दिसले का ते?"

"त्यायचं दूध तं बंद हाये, गुरुजी. पोळा झाला का बंद कर म्हने, मी पुन्याले चाल्लो. कवाच सांगून ठेवलं व्हतं. काऊन, गेले नाई का?"

मी तसाच चपला अडकवून निघालो. घराला कुलूप. फिरायच्या रस्त्यावर नाहीत. मंदिरात नाहीत. शेवटी बस स्टँडसमोरच्या पोहेवाल्याच्या बाकावर सापडले. पुढ्यात प्लेट. पोहे, त्यावर लालभडक तर्री, वर शेव, कांदा, शेजारी तळलेली मिरची. तर्रीवर तेल थिजलं होतं. चमचा कोरडा होता.

मला संताप आला, खोटं कशाला बोलू? "हे काय चालवलंय मारोतराव? इतक्या महिन्यांचं पथ्य आणि आज हे?"

ते प्लेटकडेच पाहत होते. "खाऊन टाकतो म्हनलं. रोज खातो. खर्रा बी सुरू करतो. काय व्हाचं ते होऊ दे. मंग येईनच ना तो पळत."

मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "अहो, जायचं होतं तर तोंडानं सांगायचं होतं एकदा! पोरगा समोरच तर उभा होता तुमच्या!"

"मी कसा सांगू, गुरुजी? मले घेऊन चाल म्हनू? त्यानं म्हनलं पाह्यजे होतं. मी नाई म्हनलो असतो. त्यानं पुन्हा म्हनलं असतं. मी पुन्हा नाई म्हनलो असतो. तिसऱ्या खेपेले मी चाल म्हनलो असतो." त्यांनी कोरडा चमचा प्लेटच्या कडेला सरळ करून ठेवला. "त्यानं एकदा बी नाई म्हनलं. तुमच्या शाळेत कसं होतं जी? जे पोरगं पास झालं त्याच्या घरी कोन मास्तर जाते? नापास झालं त्याच्याच घरी जाते ना?"

मी विचारलं, "मग खाल्लं का नाही?"

"दवाखान्यात असतानी मी डोये उघडले ना, तं प्रशांत खाली फरशीवर बसून होता, माह्या पायाशी. दाढी वाढलेली. डब्बा तसाच बाजूले. नर्सबाई म्हने, हा जेवतच नाई." त्यांनी प्लेट हळूच पुढे सरकवली. "त्याले पुन्हा तसं बसवू काय? एकटं वाटते तं वाटते. त्यानं तं मरत नाई ना मानूस?"

मी म्हटलं, "मी बोलतो प्रशांतशी."

"खबरदार!" ते एकदम ताठ झाले. "तुमाले वहिनीची शपथ हाये. लेकरू इथून हलकं होऊन गेलं. त्याच्या डोक्यावर आता हे ठेवू नोका."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. प्रशांतच होता. मारोतरावांनी बाही डोळ्यांवरून फिरवली, घसा साफ केला आणि बॉयलरजवळ बोलायचे तसा मोठा आवाज लावला. "हाव, बोल! पोचले का सुखरूप? ... पोरगं झोपलं का गाडीत? ... मी? मी फिरून राह्यलो. गुरुजी हायेत ना संगं. ... छ्या, बाहेरचं काई नाई खात. ... एकदम ठनठनीत! तू चहा घेतला का?"

तिकडून प्रशांतचा आवाज आला, "बाबा, रिक्षा आली, ठेवतो." मी अगदी जवळ बसलो होतो, फोन बंद झाल्याचं मला नीट ऐकू आलं, पडद्यावरचा उजेडही गेला. पण मारोतराव कानाला फोन लावून तसेच बोलत राहिले. "हाव. हाव. मले काई घाई नाई बाबू. तुले सवड भेटन तवा येजो."